योगाभ्यास आणि स्मरणशक्ती

आसनं, प्राणायाम, ध्यान आणि त्याला जोडून येणाऱ्या रोजच्या सवयी, म्हणजे वेळेवर झोप, मोबाईल लांब, एका वेळी एकच काम, या सगळ्याचा शिकण्यावर आणि आठवण्यावर जो परिणाम होतो त्याबद्दलची ही नोंद. मराठीत आपण "लक्षात ठेव" म्हणतो, "लक्षातच राहिलं नाही" म्हणतो, म्हणजे आठवणीच्या आधी लक्ष लागतं हे आपल्या भाषेला कधीचंच माहिती आहे, आणि या विषयाचं मर्म पण तेच. योग केला म्हणून डोक्यात जास्त मावायला लागतं असं नाही. समोर जे चाललंय त्यावर मन टिकतं, ताण उतरतो, झोप नीट लागते आणि या तिन्हींमुळे वाचलेलं राहतं.

पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्यात, प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. स्मृतीची व्याख्या फार सुंदर आहे, "अनुभूतविषयासंप्रमोषः स्मृतिः", अनुभवलेलं निसटू न देणं म्हणजे स्मृती. पुढे धारणा येते, चित्ताला एका जागी बांधून ठेवणं. आणि अभ्यास हा शब्द पण तिथे आहेच, आपण तो परीक्षेच्या वाचनासाठी वापरतो पण सूत्रात त्याचा अर्थ दीर्घ काळ, खंड न पडू देता, आदराने करत राहिलेली गोष्ट असा आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्री जागून जे चालतं ते या व्याख्येत बसत नाही.

आता मेंदूत काय होतं ते. एका क्षणी आपण मोजक्याच गोष्टी मनात धरू शकतो, त्यात मोबाईल वाजला की हातातलं खाली पडतं. नवीन माहिती पक्की करण्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा वाटा असतो, आणि ताण खूप वाढला की कॉर्टिसॉल हार्मोन वाढतं व आठवायचं काम अडतं, पेपर हातात आल्यावर सगळं ब्लँक होतं ते बरेचदा यामुळे, घरी येऊन चप्पल काढताना तेच उत्तर धडाधड आठवतं. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात आणि शरीराला "धोका नाही" असा निरोप जातो. भ्रामरी प्राणायामात भुंग्यासारखा आवाज घुमवत श्वास सोडतो तो आपोआप लांबतो, म्हणून ती लहान मुलांना पण जमते. झोपेचं तर विचारूच नका, दिवसभर वाचलेलं झोपेतच पक्कं होतं, त्यामुळे रात्री अकराला अमृततुल्यचा कडक चहा मारून तीनपर्यंत बसणारा माणूस स्वतःच्याच पानांवर पाणी ओततो. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

संशोधन काय म्हणतं? सरसकट जयजयकार करण्यासारखं नाही पण उमेद वाटावी असं नक्की आहे. 2013 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 30 विद्यार्थिनींनी फक्त 20 मिनिटं हठयोग केला आणि त्यानंतर लगेच घेतलेल्या स्मृतीच्या चाचण्या ट्रेडमिलवर चालल्यानंतरच्या चाचण्यांपेक्षा चांगल्या गेल्या, प्रयोग छोटा होता हे खरं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात दोन आठवड्यांच्या सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावर मन ठेवणं) सरावानंतर विद्यार्थ्यांचं मन वाचताना कमी भटकलं आणि आकलनाचे मार्क वाढले. उलट ब्रिटनमध्ये 85 शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना वर्गात सजगता शिकवली त्याचा 2022 मध्ये आलेला निकाल असा की मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवणीपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही, बहुतेक मुलं घरी सराव करतच नव्हती. म्हणजे पुन्हा तेच, अभ्यास खंडित झाला की फळ नाही.

आणखी एक गोष्ट योगवाल्यांनी मोकळेपणाने मान्य करावी असं मला वाटतं. 2011 च्या एका प्रयोगात 120 ज्येष्ठ नागरिकांपैकी निम्म्यांनी वर्षभर भरभर चालण्याचा व्यायाम केला, त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा वाढला नाही. त्यामुळे आसनं करा पण पुण्यातली वेताळ टेकडी, पर्वती चढणं सोडू नका.

पुण्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला म्हणून आले ते इथलेच झाले, मॉडेल कॉलनीतली रमामणी अय्यंगार संस्था 1975 पासून चालू आहे. जिल्ह्यातच लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं आणि योग प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली, त्या काळात हे धाडसच होतं. स्वारगेटजवळ आणि मरकळला विपश्यना केंद्रं आहेत, तिथे आनापान शिकवतात, नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, बदलायचा नाही. आणि साताऱ्याकडच्या औंध संस्थानाच्या (आपलं बाणेरजवळचं औंध नव्हे) राजांनी शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते हे पण विसरायला नको.

पाठांतराची आपली जुनी पद्धत या सगळ्याशी जवळून जुळते. वेदपाठशाळेत घनपाठ ऐकलाय का कधी? पहिला-दुसरा शब्द, मग दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, मग उलटं तिसरा-दुसरा-पहिला, परत सरळ, आणि मग एक शब्द पुढे सरकून तेच. मुलं मांडी घालून बसलेली, पाठ ताठ, आवाज एका लयीत, श्वास कुठे घ्यायचा ते ठरलेलं, त्यात मन इकडेतिकडे गेलं की जीभ लगेच अडखळते, म्हणजे पाठ करणं आणि लक्ष तपासणं एकाच वेळी चालू. घरातला परवचा तसाच, दिवेलागणीला शुभंकरोति, मग पाढे, पावकी, निमकी. पुस्तक न बघता आठवून म्हणणं हे नुसतं परत परत वाचण्यापेक्षा जास्त टिकतं असं 2006 च्या प्रयोगात दिसलं, पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून म्हणणारे.

सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुलं दहा-बारा तास बसतात. लाकडी कप्पा, समोर चिकटवलेलं टाईमटेबल, बाटली, आणि पुस्तकाच्या शेजारी उपडा ठेवलेला मोबाईल जो दर पाच मिनिटांनी सरळ होतो. अशा जागी चटई पसरायला कोण देणार, पण खुर्चीत पुढे सरकून पाठ सरळ करून पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं श्वास बघता येतो. तासभर वाचलं की पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उठून गच्चीवर किंवा जिन्यात हात वर करून ताडासन, खांदे मोकळे. मोबाईल बॅगेत, बॅग दाराशी. रूमवर गेल्यावर झोपायच्या आधी दहा मिनिटं भिंतीला पाय लावून पडायचं, हे बहुतेकांना जमतं आणि पाठीला पण बरं वाटतं.

शीर्षासनाने बुद्धी वाढते असं बरेच जण मुलांना सांगतात, त्याला आधार नाही. ब्लडप्रेशर, काचबिंदू, मानेचं दुखणं असेल तर ते करूच नये आणि बाकीच्यांनी पण शिक्षकाशिवाय करू नये, मोबाईलवर व्हिडिओ बघून तर नाहीच. नैराश्य किंवा खूप घबराट असेल तर डोळे मिटून एकट्याने तास तास ध्यानाला बसू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं. आणि वय झाल्यावर रोजचे रस्ते, घरच्यांची नावं विसरायला लागली तर प्राणायामावर महिने घालवू नयेत, बी-12 किंवा थायरॉईडची कमतरता साध्या रक्त तपासणीत कळते आणि औषधाने सुधारते.