तातेयामा : समुद्रातून येणाऱ्या हिमाचा डोंगर

गंगोत्री हिमनदीचं मुख, म्हणजे गोमुख, साधारण ४००० मीटर उंचीवर आहे. जपानच्या तोयामा प्रांतातला तातेयामा पर्वत त्याहून जवळजवळ हजार मीटर खालीच, ३०१५ मीटरवर संपतो. तरीही त्याच्या पूर्व अंगाला एक हिमनदी वाहते. तातेयामा गोमुखापेक्षा सहा-एक अंश उत्तरेला आहे हे खरं, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. कारण शोधायचं तर डोंगराच्या पश्चिमेला असलेल्या समुद्राकडे पाहावं लागतं.

तातेयामा म्हणजे एकच सुळका नव्हे. ओयामा (३००३ मीटर), ओनांजियामा (३०१५ मीटर) आणि फुजिनो-ओरिताते (२९९९ मीटर) या एका धारेवरच्या तीन शिखरांना मिळून ते नाव आहे. ‘जपानी आल्प्स’मधल्या हिदा रांगेचा हा उत्तरेकडचा भाग. तोयामाचा उपसागर इथून हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ आहे आणि त्याची खोली हजार मीटरहून जास्त आहे. समुद्रतळापासून शिखरापर्यंत चार हजार मीटरचा चढ एवढ्या थोडक्या अंतरात जगात फार कमी ठिकाणी आहे.

हिवाळ्यात सायबेरियावर जड, थंड हवेचा उच्चदाब तयार होतो आणि तिथून वायव्येचे वारे जपानकडे सुटतात. निघताना ही हवा कोरडीठाक असते. वाटेतल्या जपान समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा हा उबदार प्रवाह येतो, त्यामुळे ऐन जानेवारीतही तिथलं पाणी वरच्या हवेपेक्षा खूप गरम असतं. तळाशी तापलेली हवा वर उसळते, भराभर बाष्प उचलते आणि ढगांच्या लांबच लांब ओळी तयार होतात. त्या हिदा रांगेवर आदळल्या की हवा वर चढते, थंड होते आणि बरंचसं बाष्प हिम होऊन खाली येतं. डोंगर ओलांडून तोक्योकडे पोचणारी हवा पुन्हा कोरडी झालेली असते, म्हणून तिकडचा हिवाळा निरभ्र. पावसाळ्यात घाटमाथा झोडपून निघतो आणि माण-खटाव कोरडे राहतात, त्यामागचं भौतिकशास्त्र हेच आहे.

२४५० मीटरवरच्या मुरोदो पठारावर हिवाळ्याअखेर सरासरी सातेक मीटर हिम साचलेलं असतं. ताजं हिम हलकं असतं, पण वरच्या थरांच्या भाराने खालचं दाबलं जातं आणि घनता घनमीटरला ४०० ते ५०० किलोपर्यंत जाते. म्हणजे सात मीटर हिमात सुमारे तीन मीटर पाणी झालं. महाबळेश्वरच्या अर्ध्या पावसाळ्याइतकं पाणी वसंतापर्यंत जागच्या जागी उभं असतं!

मुरोदोजवळ तातेयामा-कुरोबे या पर्यटन मार्गाच्या रस्त्याचा एक टप्पा खोलगट जागेतून जातो. वारा आजूबाजूचं हिम आणून तिथे टाकतो, म्हणून जास्त हिमाच्या वर्षी तिथल्या भिंती वीस मीटरच्या आसपास जातात. यालाच ‘युकी-नो-ओतानी’ म्हणतात. एप्रिलच्या मध्यावर मार्ग उघडण्याआधी तो खणून काढतात. खाली रस्ता कुठे आहे हे वरून अजिबात दिसत नाही, त्यामुळे बुलडोझरवर उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचं यंत्र असतं. चालक पडद्यावरच्या रस्त्याच्या रेषेवरून वरचे थर एकेक करून उतरवतो. मग खोदाई यंत्रं भिंती तासतात आणि फिरत्या पात्यांची यंत्रं उरलेलं हिम बाजूला फेकतात. दाबलेलं हिम मजबूत असतं म्हणूनच भिंत सरळ उभी राहते. मेमध्ये ऊन तापलं की ती वरच्या कडेने सैल होते, तेव्हा तिला टेकून फोटो काढण्याचा मोह आवरावा. कापलेल्या भिंतीत पिवळट पट्टे दिसतात. ती गोबीसारख्या वाळवंटांतून वाऱ्याने आणलेली धूळ. काचेसारखे कडक थर म्हणजे उबदार दिवशी वितळून पुन्हा गोठलेलं पाणी. खालून वर वाचत गेलं तर अख्खा हिवाळा तारीखवार उलगडतो.

आता हिमनदीकडे. उन्हाळाभर टिकलेलं हिम म्हणजे हिमनदी नव्हे. हिमाचा बर्फ व्हायला हवा आणि तो स्वतःच्या वजनाने वाहायला हवा. जपानात हिमनद्या उरलेल्या नाहीत असं दीर्घकाळ मानलं जात होतं. तातेयामा काल्डेरा साबो संग्रहालयाच्या (‘साबो’ म्हणजे डोंगरातला गाळ अडवण्याचं काम) संशोधकांनी रडारने बर्फाची जाडी मोजली, त्यात खुंट रोवले आणि उपग्रहाच्या मदतीने त्यांची जागा पुन्हा पुन्हा तपासली. हे मोजमाप शरद ऋतूतच करावं लागतं. तेव्हा त्या वर्षीचं हिम सर्वांत कमी असतं आणि खुंट खालच्या जुन्या बर्फापर्यंत जातो. तो वरच्या सैल थरात राहिला तर हिमाची उतारावरची घसरणच हिमनदीची गती म्हणून नोंदली जाईल. शेजारच्या त्सुरुगी शिखराखालच्या सान्नोमादो आणि कोमादो या बर्फपट्ट्यांनी महिनाभरात सुमारे ३० सेंटिमीटर सरकून दाखवलं. ओयामाखालचा गोझेनझावा बराच हळू सरकतो, पण सरकतो. २०१२ मध्ये या तिघांना हिमनदी म्हणून मान्यता मिळाली. पुढच्या काही वर्षांत हिदा रांगेतल्या आणखी काही बर्फपट्ट्यांना ती मिळाली, त्यांत तातेयामाजवळचा कुरानोसुकेही आहे. त्याच्या तळाशी सुमारे १७०० वर्षांपूर्वीचा बर्फ सापडला आहे. या उंचीवर निव्वळ पडलेल्या हिमावर हिमनदी जगू शकत नाही. वारा शिखरांच्या पश्चिम अंगावरचं हिम उडवून पूर्वेच्या खोबणीत टाकतो आणि त्यावर कड्यांवरून हिमकडे कोसळतात. ही दुहेरी भर आणि कड्यांची सावली यांवर त्या टिकून आहेत.

शिखरं टोकदार असली तरी ती ज्वालामुखी नाहीत, त्यांचा खडक मुख्यतः ग्रॅनाइटच्या जातीचा आहे. ज्वालामुखी त्यांच्या पश्चिमेला आहे. मिदागाहारा हे मोठं पठार त्याच्याच राखेच्या आणि लाव्हाच्या थरांनी बनलं. मिकुरीगाइके तळं हे वाफेच्या स्फोटाने पडलेलं विवर, आणि जिगोकुदानी दरीतून आजही गंधकयुक्त वायू बाहेर पडतात. दम्याच्या रुग्णांनी त्या बाजूला जाऊ नये. दरीतली पायवाट वायूंमुळेच बंद ठेवली आहे.

पठाराच्या दक्षिणेला पूर्व-पश्चिम साडेसहा किलोमीटर लांबीचा तातेयामा काल्डेरा, म्हणजे कढईसारखा प्रचंड खोलगट भाग, आहे. ९ एप्रिल १८५८ च्या भूकंपात त्याच्या काठचा तोंबी डोंगर ढासळला. राडारोड्याने नद्या अडल्या, त्यांत वितळणाऱ्या हिमाचं पाणी तुंबलं आणि पुढच्या काही आठवड्यांत ते बांध दोनदा फुटून तोयामाच्या मैदानावर चिखल-दगडांचे लोंढे आले. ढासळलेल्या राडारोड्यातला सुमारे २० कोटी घनमीटर गाळ अजून वरच अडकलेला आहे. जोगांजी नदी अवघ्या ५६ किलोमीटरांत जवळजवळ तीन हजार मीटर उतरते, त्यामुळे मोठ्या पावसात तो गाळ खाली यायला वेळ लागणार नाही. म्हणून तिथे गाळ अडवणाऱ्या बांधांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. १९३९ मध्ये पुरा झालेला शिराइवा बांध ६३ मीटर उंच आहे. हे बांध पाणी साठवण्यासाठी नाहीत. ते नदीचा तळ उचलून धरतात, म्हणजे तळ खरवडला जात नाही आणि काठ ढासळत नाहीत. मला विचाराल तर हिमभिंतीपेक्षा हे काम पाहण्याजोगं आहे.

झाडांची वाटणीही हिमच ठरवतं. हजार मीटरच्या आसपास बीच हा पानझडी वृक्ष आणि देवदारासारखा सुगी यांचं जंगल, वर मिदागाहाराच्या दलदली आणि त्याहून वर हाइमात्सू हा जमिनीला चिकटून वाढणारा पाइन. वाऱ्याने उघड्या पडलेल्या उंचवट्यांवर हाइमात्सू टिकतो. जिथे हिम जुलैपर्यंत साचून राहतं तिथे वाढीचे दिवस अपुरे पडतात आणि फक्त छोट्या फुलझाडांचे गालिचे उगवतात. रायचो हा पक्षी याच दोन पट्ट्यांच्या सीमेवर राहतो. तो वर्षातून तीनदा पिसं बदलतो, हाइमात्सूखाली घरटं करतो. जपानभर हे पक्षी दोन हजारांच्या आसपासच उरले आहेत.

माणसांनी बांधलेला तातेयामा-कुरोबे मार्गही हिमाला मान देऊनच बांधला आहे. दाइकांबो ते कुरोबेदाइरा हा १.७ किलोमीटरचा रोपवे मध्ये एकही खांब न घेता लटकतो, कारण खांब हिमकड्याच्या वाटेत येईल. त्याखालची केबल रेल्वे पूर्ण भुयारात आहे. त्याहून खाली १८६ मीटर उंचीचं कुरोबे धरण वितळलेलं हिम साठवतं.

या सोयींमुळेच एक धोका निर्माण झाला आहे. मुरोदोपर्यंत वाहनाने पोचता येतं, तिथून इचिनोकोशी खिंड एका तासावर आणि ओयामा आणखी एका तासावर. साध्या कपड्यांतला पर्यटकही निघतो. जुलैतही वाटेत हिमाचे पट्टे असतात आणि खिंडीनंतरच्या सुट्या दगडांवर वरच्याने पाडलेला धोंडा खालच्याला लागतो. ऑक्टोबर सर्वांत फसवा. ८ ऑक्टोबर १९८९ रोजी अचानक आलेल्या हिमवादळात दहा जणांच्या गटातले आठ जण थंडीने गारठून मेले. ओले कपडे आणि जोराचा वारा एकत्र आले की शरीराची उष्णता झपाट्याने जाते, त्यासाठी तापमान शून्याखाली फार जावं लागत नाही. सुती कपडे टाळावेत, वारा-पाऊस अडवणारं जाकीट आणि कोरडा लोकरीचा थर पिशवीत असावा. आणि इचिनोकोशीला पोचेपर्यंत वारा वाढला असेल, तर तिथूनच मागे फिरावं. खिंडीच्या वर धारेवर वाऱ्याला अडवणारं काहीच नाही.