‘घाटीला न्या’ याला पर्याय कसा उभा राहिला

दुखणं हाताबाहेर गेलं की मराठवाड्यात एकच सल्ला मिळतो: घाटीला न्या. घाटी म्हणजे औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालय. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं. पुढे अंबाजोगाई, नांदेडलाही महाविद्यालयं झाली. पेशंटनं शहर गाठायचं ही रीत मात्र तीच राहिली. क्षयरोगासारख्या आजारात ती अपुरी पडते. औषध महिनोन्‌महिने घ्यायचं असतं आणि ते घ्यायचं गावातच.

योगायोग असा की त्याच १९५६ साली मद्रासला क्षयरोग उपचार केंद्र निघालं. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये (क्षयाच्या खास रुग्णालयात), निम्मे घरी ठेवून दोघांना तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला: घरच्या उपचारानं गुण तेवढाच येतो. पुढे जगभर क्षयावर घरीच उपचार होऊ लागले, त्यामागे हा पुरावा होता. मग प्रश्न उरला तो गावात औषधपाण्याकडे बघणार कोण, हा.

त्याचं उत्तर आपल्या शेजारीच मिळालं. बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावच्या बायांना शिकवायला घेतलं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या. हगवण, क्षय, कुष्ठरोग ओळखणं, औषध चालू ठेवून घेणं हे त्या करू लागल्या. ठरलेल्या दिवशी जामखेडला जमून गावातल्या अडचणी सांगायच्या, एकमेकींचं ऐकायचं. माझ्या मते खरं शिक्षण तिथंच होत होतं. नंतर परदेशातले लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. तुळजापूर तालुक्यात अणदूरला ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’नं अशाच बाया तयार केल्या, त्यांना नाव दिलं ‘भारतवैद्य’.

एकमेकांकडून शिकण्याची अशीच रीत डॉक्टरांसाठीही निघाली. २००३ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोचे यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी ‘इको’ प्रकल्प सुरू केला. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना त्यांच्या भेटीसाठी आठ-आठ महिने थांबावं लागे. त्यांनी खेड्यातल्या आणि तुरुंगातल्या डॉक्टरांना आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवलं. व्याख्यान थोडं, भर केसवर: डॉक्टरनं आपला पेशंट नाव न सांगता मांडायचा, तज्ज्ञानं आणि इतर डॉक्टरांनी त्यावर बोलायचं. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के आणि या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के रुग्णांमधला विषाणू गेला होता. ही पद्धत मग एचआयव्ही आणि क्षयासाठी भारतासह अनेक देशांत वापरली गेली.

मराठवाड्यात अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. प्राथमिक आरोग्य केंद्रातला बाँडवरचा (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणारा) डॉक्टर वर्षभरात जातो, आणि शिकलेलं त्याच्याबरोबर जातं. आशाताई त्याच गावच्या, त्या तिथंच राहतात. पण प्रशिक्षणात त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा फॉर्म कसा भरायचा एवढंच येतं. केस मांडायला त्यांना कोणी सांगत नाही.