वर्डप्रेसचे आकडे मराठी करताना

वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की महिन्याचं नाव मराठीत दिसू लागतं, आकडे मात्र इंग्रजीच राहतात. ते बदलायला वर्डप्रेसची मूळ फाईल उघडून दोन ओळी खरडण्याचा मोह होतो. पण पुढचं अपडेट ती फाईलच बदलून टाकतं आणि आपल्या ओळी जातात. यावरचा उपाय आहे हूक, म्हणजे मूळ फाईलला हात न लावता आपला कोड जोडण्यासाठी वर्डप्रेसने ठेवलेली जागा. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ च्या मे महिन्यात वर्डप्रेस आणलं आणि वर्षभरातच, १.२ या आवृत्तीत, प्लगइनसाठी, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, हूकची सोय झाली.

हूक दोन प्रकारचे: ॲक्शन आणि फिल्टर. ॲक्शन म्हणजे ठराविक क्षणी काहीतरी करून घेणं. फिल्टरचं काम वेगळं. वर्डप्रेस एखादी गोष्ट, म्हणजे शीर्षक, तारीख किंवा लेखाचा मजकूर, वाचकाला दाखवण्याआधी नोंदवलेल्या फंक्शनांकडे, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांकडे, पाठवतं. सरकारी कचेरीतली फाईल जशी या टेबलावरून त्या टेबलावर जाते, तसाच मजकूर एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे जातो. प्रत्येकाने शेरा मारून फाईल पुढे सरकवायलाच हवी. फंक्शनमध्ये शेवटी 'रिटर्न' लिहायचं राहिलं तर पानावरचा अख्खा लेख गायब होतो, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. डेटाबेसमधला लेख मात्र जसाच्या तसा असतो, कारण असं फिल्टर फक्त दाखवताना बदल करतं.

आता आकडे. शून्य ते नऊ या दहा चिन्हांच्या जागी देवनागरी चिन्हं घालणारं फंक्शन चार ओळींत होतं. ते लेखाच्या मजकुराच्या फिल्टरला जोडलं की आकडे बदलतात खरे, पण पानाची वाट लागते. फिल्टरच्या हाती नुसता मजकूर येत नाही, एचटीएमएलसकट, म्हणजे मथळा कुठला, फोटो कुठला हे ब्राउझरला सांगणाऱ्या टॅग नावाच्या खुणांसकट, सगळं येतं. वर्डप्रेस फोटो वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवतं. त्या पत्त्यातलं वर्षही देवनागरी होतं आणि फोटो सापडत नाही. मथळ्याच्या टॅगमधला आकडा बदलला की ब्राउझरला तो मथळा आहे हेच कळत नाही.

अशा चुकीतून खुद्द वर्डप्रेसही सुटलेलं नाही. २०१० च्या ३.० आवृत्तीत 'कॅपिटल पी डँगिट' नावाचं एक फिल्टर आलं. लोक 'वर्डप्रेस' इंग्रजीत लिहिताना मधला पी लहान काढतात, तो गुपचूप मोठा करायचा एवढंच त्याचं काम. लिंकमधला पी सुद्धा मोठा झाला, पत्ते तुटले, आणि लोक चिडले. न विचारता माझ्या लेखात हात घालणारे तुम्ही कोण, हा त्यांचा प्रश्न मला तर रास्तच वाटतो. पुढे ते फंक्शन जरा जपून बदल करू लागलं, पण ते अजून आहे.

आपल्यापुरता मार्ग असा: मजकुराचे टॅग आणि टॅगबाहेरचे शब्द असे तुकडे पाडायचे आणि फक्त शब्दांतले आकडे बदलायचे. त्यासाठी 'डब्ल्यूपी एचटीएमएल स्प्लिट' हे तयार फंक्शन आहे. तरी दोन खाचखळगे उरतातच.

पहिला प्राधान्याचा. फिल्टर नोंदवताना क्रमांक दिला नाही तर तो १० धरला जातो. लहान क्रमांकाचं फंक्शन आधी चालतं. गॅलरीसारखे शॉर्टकोड, म्हणजे चौकटी कंसात लिहिलेल्या छोट्या सूचना, ११ वर उलगडतात. आपलं फंक्शन १० वर चाललं तर शॉर्टकोडमधले फोटोंचे क्रमांक आधीच देवनागरी झालेले असतात आणि गॅलरी रिकामी दिसते. म्हणून २० द्यावा.

दुसरा त्याहून चिवट. सरळ अवतरणचिन्हांना वळणदार करणारं वर्डप्रेसचं फिल्टर १० वरच असतं आणि ती चिन्हं ते अंकांच्या संकेतांत लिहितं. आपण २० वर आलो की ते संकेतही देवनागरी होतात, आणि वाक्याच्या मधोमध अवतरणाऐवजी 'ॲम्परसँड (&), हॅश (#), ८२१७' असला कचरा उमटतो. तेव्हा ॲम्परसँड-हॅशच्या मागून येणारे आकडे वगळण्याची अटही फंक्शनमध्ये घालावी लागते. चार ओळींचं काम एव्हाना पंधरा ओळींवर गेलेलं असतं.