डुरिया मोटर वॅगन कंपनी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात १८९५ मध्ये स्थापन झालेली मोटारगाड्यांची कंपनी. पेट्रोलच्या गाड्या विक्रीसाठी बनवणारी ही अमेरिकेतील पहिली कंपनी मानली जाते. तिचे आयुष्य मात्र जेमतेम तीन वर्षांचे ठरले.

संस्थापक चार्ल्स आणि फ्रँक डुरिया हे भाऊ मूळचे सायकलीच्या धंद्यातले. ७० डॉलरला घेतलेल्या जुन्या बग्गीला त्यांनी एका सिलिंडरचे इंजिन बसवले आणि सप्टेंबर १८९३ मध्ये ती स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर चालवून पाहिली. मधल्या काळात चार्ल्स इलिनॉयमधील पिओरियाला निघून गेला होता. गाडी प्रत्यक्ष चालती केली ती फ्रँकने. भावांमधल्या पुढच्या वादाचे मूळ इथेच आहे.

कंपनीचे नाव झाले ते २८ नोव्हेंबर १८९५ च्या शर्यतीने. 'शिकागो टाइम्स-हेराल्ड' या वृत्तपत्राने जॅक्सन पार्क ते इव्हान्स्टन आणि परत, अशी सुमारे ५४ मैलांची शर्यत ठेवली होती. रस्त्यावर बर्फ आणि चिखल. वाटेत डुरियाच्या स्टिअरिंगचा दांडा मोडला. फ्रँकने गाडी कशीबशी एका लोहाराच्या दुकानापर्यंत नेली, तिथल्या भट्टीत नवा दांडा घडवला आणि तो बसवून पुन्हा वाट धरली. निघालेल्या सहा गाड्यांपैकी दोनच शेवटपर्यंत पोचल्या. दहा तासांहून थोडा अधिक वेळ घेऊन फ्रँक पहिला आला. बक्षीस २,००० डॉलरचे होते.

१८९६ मध्ये कंपनीने एकाच आराखड्यावरून १३ गाड्या बनवल्या. आकडा लहान वाटेल, पण कंपनीचे खरे मोठेपण शर्यतीपेक्षा या तेरा गाड्यांत आहे. तोवर अमेरिकेत मोटार म्हणजे एखाद्या कारागिराने एकदाच घडवलेली वस्तू असे. इथे तीच गाडी पुन्हा पुन्हा तयार झाली. त्याच वर्षी बार्नम अँड बेली सर्कशीच्या खेळात डुरिया गाडी दिसली आणि नोव्हेंबरमध्ये लंडन ते ब्रायटन फेरीतही डुरिया गाड्या धावल्या.

भावांचे पटेना. १८९८ मध्ये कंपनी बंद पडली. चार्ल्सने पेनसिल्व्हेनियातील रेडिंग येथे वेगळ्या गाड्या काढल्या. फ्रँक स्टीव्हन्स-डुरिया या कंपनीत गेला आणि तिथे त्याचा जम बसला. पहिली गाडी कोणाची, हा वाद १९३८ मध्ये चार्ल्स वारला तरी मिटला नाही. फ्रँक १९६७ पर्यंत जगला. १८९३ ची ती बग्गी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे, तर तेरांपैकी एक गाडी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात जपलेली आहे.