स्टार्ट बटण: गेलं, परत आलं, मध्यभागी सरकलं

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. जे लोक त्या सुमारास नाइलाजाने विंडोज ११ वर आले त्यांच्या तक्रारी बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटतील. टास्कबार, म्हणजे स्टार्ट बटण असलेली खालची पट्टी, उचलून स्क्रीनच्या डाव्या कडेला उभा करता येत नव्हता. राइट क्लिक केलं की अर्धाच मेनू उघडतो आणि उरलेला ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आड दडतो. स्टार्टचं बटण कोपरा सोडून मध्ये आलंय. एवढ्यावरून इतकं चिडायचं काय, असं विचारणाऱ्यांनी २००६ ते २०१४ ही वर्षं पाहायला हवीत. आजचा राग तिथे तयार झाला.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात. विंडोज ३.१ मध्ये प्रोग्राम मॅनेजर नावाची खिडकी असे आणि तिच्यात आयकॉनचे गठ्ठे. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि तिच्याबरोबर स्टार्ट बटण. तयार होताना तिच्या पट्टीवर तीन वेगळी बटणं होती: सिस्टीम, शोध आणि मदत. चाचणीला बसवलेली माणसं स्क्रीनकडे बघत राहायची, सुरुवात कुठून करायची हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून तिन्हींचं एक बटण झालं आणि त्यावर सरळ ‘स्टार्ट’ असं लिहिलं. तरी धाकधूक होतीच. पहिल्यांदा मशीन चालू केल्यावर ‘इथे क्लिक करून सुरुवात करा’ अशा अर्थाची ओळ बाणासह त्या बटणाकडे सरकत यायची. कॉम्प्युटर बंद करायलाही ‘स्टार्ट’च दाबायचं, हा विनोद तेव्हापासूनचा.

महाराष्ट्रात एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपी आली, आणि पुढे सरकारी नोकरीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र लागायला लागलं. तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला तो याच काळात. आणि ते शिकले ती वाट शिकले. स्टार्ट, प्रोग्राम्स, ॲक्सेसरीज, वर्डपॅड. वहीत बाण काढून लिहिलेली, तोंडपाठ केलेली वाट. हिला घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. पण ज्याला दिवसाला चाळीस दाखले काढायचे आहेत त्याला इंटरफेसचं तत्त्वज्ञान नको असतं, हात आपोआप जिथे जातो तिथे ती वस्तू हवी असते. एक्सपीनंतरची आवृत्ती, व्हिस्टा, सामान्य ग्राहकांपर्यंत यायला जानेवारी २००७ उजाडलं. पाच वर्षांहून अधिक काळ काहीच हललं नाही, आणि सवयी अगदी हाडापर्यंत मुरल्या.

एक्सपीनेही चेहरा बदलला होता हे आता कुणी आठवत नाही. हिरवं बटण, निळी पट्टी, दोन रकान्यांचा स्टार्ट मेनू. त्यावर ओरड झाली, पण ती लवकर विरली, कारण प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘क्लासिक स्टार्ट मेनू’ निवडला की जुनं रूप परत मिळायचं. नवं इन्स्टॉलेशन झालं की कॉम्प्युटरवाला न विचारता हे करून देत असे. व्हिस्टात बटणावरचा ‘स्टार्ट’ हा शब्द गेला आणि गोल चकती आली, तरी क्लासिकचा पर्याय शाबूत होता. ऑक्टोबर २००९ मधल्या विंडोज ७ ने तो काढला. विंडोज ७ चं कौतुक इतकं झालं की ही गोष्ट त्यात झाकली गेली. माझ्या मते पुढच्या सगळ्या भांडणाची सुरुवात इथेच आहे: नवं देण्याला कुणाची ना नव्हती, जुन्याकडे परतायचं दार पहिल्यांदा इथे बंद झालं. जुना मेनू परत आणून देणारं क्लासिक शेल नावाचं फुकट सॉफ्टवेअर २००९ मध्येच आलं. एका प्रोग्रामरने फावल्या वेळात लिहिलेलं हे सॉफ्टवेअर पुढे जगभर पोचलं.

याच दरम्यान मायक्रोसॉफ्ट ऑफिस या सॉफ्टवेअरमध्ये रिबन आली. ऑफिस २००७ ने वर्ड आणि एक्सेलमधले फाइल, एडिट, व्ह्यू हे मेनू उचलून टाकले आणि जागी टॅबची रुंद पट्टी बसवली. कारण खोटं नव्हतं. पहिल्या वर्डमधल्या मोजक्या आज्ञांच्या वर्ड २००३ पर्यंत दीड हजाराहून जास्त झाल्या होत्या, टूलबारच तीसेक. जे आधीपासून होतं तेच नव्याने मागणारी पत्रं ग्राहकांकडून येत. ऑफिस २००० मध्ये कमी वापरातल्या आज्ञा आपोआप लपवण्याचा प्रयोग झाला होता आणि तो फसला होता. रोज वेगळा दिसणारा मेनू कुणाला हवाय? त्यामानाने रिबन विचार करून केलेली होती. नवशिक्यांना ती सोपीही गेली. पण दहा वर्षांचा अनुभव असलेली हेडक्लार्क बाई ‘प्रिंट कुठंय?’ म्हणून कालच्या शिकाऊ पोराला विचारू लागली, कारण फाइल मेनू एका गोल बिनशब्दाच्या बटणामागे गेला होता आणि ते बटण आहे हेच कित्येकांना उमगलं नाही. ऑफिस २०१० मध्ये ‘फाइल’ हा शब्द परत आला. जुने मेनू मात्र आले नाहीत. कीबोर्डवरून ऑल्ट धरून जुनी अक्षरं मारणाऱ्यांची बरीचशी सोय आतून जपली होती, हेही नोंदवायला हवं.

मग विंडोज ८.

एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड हा टॅब्लेट बाजारात आला आणि डेस्कटॉपचे दिवस भरले असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. विंडोजच्या कर्त्यांनी ठरवलं की बोटाने चालणाऱ्या पाटीवर आणि माऊसने चालणाऱ्या मशीनवर एकच विंडोज असेल. सप्टेंबर २०११ च्या पहिल्या चाचणी आवृत्तीत बटण होतं, पण दाबल्यावर मेनूऐवजी रंगीत चौकटींचा पूर्ण पडदा यायचा. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यातली) एक नोंद बदलली की जुना मेनू परत मिळतो हे लोकांनी शोधून काढलं. पुढे तो मागचा कोडही काढून टाकण्यात आला. फेब्रुवारी २०१२ च्या आवृत्तीत खुद्द बटणच नव्हतं. २६ ऑक्टोबर २०१२ ला ती तशीच बाजारात आली.

बचावासाठी आकडा दिला गेला. व्हिस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी घटला, लोक टास्कबारवर प्रोग्राम टाचून ठेवतात, म्हणजे मेनूची गरज सरतेय, असा तो युक्तिवाद. मोजणी खरी असेल. मोजलं काय, यावर वाद आहे. पहिलं म्हणजे हे आकडे ज्यांनी माहिती पाठवायला होकार दिला त्यांच्याच मशीनवरून आले होते. अनेक कंपन्यांच्या आणि कार्यालयांच्या जाळ्यांत ही सोय बंद ठेवलेली असते. दुसरं जास्त महत्त्वाचं. रोजचे चार प्रोग्राम टाचल्यावर स्टार्ट कमी उघडला जाणारच. तो उघडायचा ते कधीमधी लागणाऱ्या गोष्टींसाठी. पुरणयंत्र वर्षातून दोनदा लागतं म्हणून घरातला माळाच कुणी पाडत नाही. वारंवारता मोजली आणि तिलाच गरज समजलं, ही चूक त्या निर्णयाच्या मुळाशी होती असं मला वाटतं, जरी आजही त्या बाजूने बोलणारे लोक आहेत. पूर्ण पडद्यावर शोधायला जागा जास्त मिळते, टाइप केलं की हवं ते समोर येतं, हे त्यांचं म्हणणं निखालस चुकीचं नाही.

प्रत्यक्षात काय झालं? डाव्या खालच्या कोपऱ्यात माऊस नेला तरच स्टार्टचं चित्र उमटायचं. मशीन बंद करायचं तर उजव्या कोपऱ्यातून लपलेली पट्टी ओढा, मग सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन. लग्नाच्या फोटोवर डबल क्लिक केलं की तो अख्ख्या स्क्रीनवर पसरायचा आणि बंद करायला फुलीच नाही. वरच्या कडेला धरून खालपर्यंत ओढत न्यायचं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. एकाच मशीनवर दोन इंटरनेट एक्सप्लोरर, एक या पडद्यावर, एक त्या. कंट्रोल पॅनेल जुनं होतंच, शेजारी ‘पीसी सेटिंग्ज’ नवं. अर्ध्या गोष्टी इकडे, अर्ध्या तिकडे. दुसऱ्या खोलीतल्या मशीनला रिमोट जोडणी केलेल्यांना तर खिडकीच्या आतला कोपरा नेमका पकडताना घाम फुटायचा. आणि कळस म्हणजे विंडोज सर्व्हर २०१२, ज्याला ना टचस्क्रीन ना बोटं लावणारं माणूस, त्यातूनही स्टार्ट बटण काढलं होतं.

त्यात भर नावाची. या नव्या रूपाला वर्षभर ‘मेट्रो’ म्हणत होते. ऑगस्ट २०१२ मध्ये, ऐन बाजारात येण्याच्या तोंडावर, ते नाव सोडून दिलं गेलं आणि धड दुसरं ठरलंच नाही. फोनवरून वडिलांना समजावणाऱ्या मुलाने मग ‘तो चौकोनांचा पडदा’ म्हणायचं.

विक्रीबद्दलही दोन चित्रं आहेत. मे २०१३ मध्ये दहा कोटी परवाने विकल्याचं जाहीर झालं. पण नव्या मशीनबरोबर परवाना आपोआप येतो, आणि प्रो आवृत्ती घेणाऱ्याला विंडोज ७ वर उतरण्याचा हक्क होता. कार्यालयांनी तो भरपूर वापरला. काही मोठ्या लॅपटॉप कंपन्यांनी स्वतःहून पर्यायी स्टार्ट मेनू घालून मशीन विकली. ज्या वस्तूचं नवेपण विकायचं तेच दुकानदार झाकून देत होता. विंडोज विभागाचे प्रमुख नोव्हेंबर २०१२ मध्ये, म्हणजे विक्री सुरू होऊन महिना व्हायच्या आत, कंपनीतून बाहेर पडले. त्याचं कारण अधिकृतपणे बटणाशी कधी जोडलं गेलं नाही.

ऑक्टोबर २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये बटण परतलं, पण दाबलं की पुन्हा तोच पडदा. मागणी मेनूची होती. एप्रिल २०१४ च्या अपडेटमध्ये पडद्यावर पॉवर बटण आणि ॲपना फुली मिळाली. नेमक्या त्याच महिन्यात, ८ एप्रिल २०१४ ला, एक्सपीचा आधार संपला. म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ एका वाटेने चाललेल्या माणसाला दुकानात विंडोज ८ लावलेली मशीन दिसू लागली ती याच वेळी. तालुक्याच्या गावांमध्ये नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ ‘मारून देण्याचा’ धंदा तेजीत होता, तो यामुळे.

मराठी टाइप करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक बदल आला, आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. एक्सपीत मराठी चालू करायला रिजनल ऑप्शन्समध्ये खूण करावी लागे आणि मशीन मूळ सीडी मागे; ती कुणाकडेच नसे. व्हिस्टापासून ती कटकट मिटली. विंडोज ८ ने मात्र भाषा बदलण्याची रीतच पालटली. आधी प्रत्येक खिडकीची भाषा स्वतंत्र असे: वर्डमध्ये मराठी ठेवून ब्राउझरमध्ये गेलं की तिथे इंग्रजीच असायचं. आता एकीकडे बदललं की सगळीकडे बदलू लागलं, आणि पासवर्डच्या रकान्यात देवनागरी अक्षरं उमटू लागली. जुनी रीत परत आणायची खूण प्रगत सेटिंग्जमध्ये होती. ती शोधणार कोण? न्याय म्हणून हेही सांगायला हवं की २०१९ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटबरोबर मराठीचा फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी उमटवणारा) आला. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची ठरलेली कळमांडणी न शिकलेल्यांची त्यामुळे खरोखर सोय झाली.

हा रोग एकट्या विंडोजचा नव्हता. लिनक्स या खुल्या कोडच्या प्रणालीत नोम नावाच्या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, नोम ३, एप्रिल २०११ मध्ये आली आणि नेहमीचा टास्कबार, डेस्कटॉपवरचे आयकॉन, खिडकी लहान करायचं बटण सगळंच हललं. लिनक्सच्या मूळ जनकानेही जाहीरपणे बोटं मोडून दुसरा डेस्कटॉप धरला. फरक इतकाच की तिथे कोड खुला होता. जुन्या नोम २ ची प्रत घेऊन मेट नावाने ते पुढे चालवलं गेलं आणि आजही चालतं. उबुंटू या लिनक्सच्या एका लोकप्रिय प्रकाराने स्वतःचा युनिटी हा डेस्कटॉप २०११ मध्ये सर्वांवर लादला आणि २०१७ मध्ये मागे घेतला.

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये मेनूसह आली. ९ हा आकडा मध्ये गाळूनच टाकला होता. डावीकडे यादी, उजवीकडे चौकटी, अशी ती तडजोड बहुतेकांनी मान्य केली. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११. टास्कबार नव्याने लिहिला आणि लिहिताना जुन्या सोयी मागे राहिल्या: फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रामवर टाकणं २०२२ मध्ये परत मिळालं, खिडक्यांची नावं वेगवेगळी दिसणं २०२३ मध्ये. स्टार्ट डावीकडे नेण्याची सोय पहिल्या दिवसापासून दिली होती. २०१२ मधून तेवढा धडा घेतला गेला असं म्हणता येईल.

क्लासिक शेल लिहिणाऱ्याने डिसेंबर २०१७ मध्ये काम थांबवलं, कारण वर्षातून दोनदा विंडोज बदलत होती आणि दर वेळी त्याचं काहीतरी मोडत होतं. कोड त्याने खुला केला. इतरांनी तो ओपन-शेल नावाने पुढे नेला. विंडोज १० वाल्यांना मात्र या वेळी नुसता मेनू बदलून भागत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालणारी अनेक मशीन अधिकृतपणे बाहेर पडली आहेत. घरगुती वापराच्या मशीनसाठी जादा सुरक्षा अपडेटची एक वर्षाची मुदत ठेवली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत.