भात काढला, आता चिकटवायचं कशानं?

सुशी म्हणजे भात आणि मासा किंवा भाजी शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळून कापलेली जपानी वळी. कर्बोदकं कमी करायला भाताऐवजी फुलकोबी किसून केलेली पहिली सुशी बहुधा सुरी लागताच फुटते. काकडी एकीकडे, गोबीचा चुरा दुसरीकडे. हात चुकलेला नसतो. गोबीत धरून ठेवणारं काही नसतंच.

तांदळात ते असतं. स्टार्चचे दोन प्रकार, सरळ साखळीचं अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. शिजताना दाणा पाणी पिऊन फुगतो आणि थोडं स्टार्च बाहेर येतं. जपानी आखूड तांदळात अमायलोज साधारण १५ ते २० टक्केच, बाकी चिकट अमायलोपेक्टिन, म्हणून तो भात एकमेकाला धरतो. आपल्याकडे कौतुक मोकळ्या भाताचं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून वाढवलेला एचएमटी हा तांदूळ पूर्व विदर्भात घरोघरी शिजतो, पण त्याची सुशी बांधायची तर कसरतच.

शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढ्याच कच्च्या फुलकोबीत ५, त्यातही २ ग्रॅम तंतू. फायदा उघड आहे. पण गोबीत ९२ टक्के पाणी, आणि बाहेरचं नोरी म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. पाणी लागलं की ते लिबलिबीत होऊन फाटतं. (पावसाळ्यात तर डबा उघडा राहिला तरी पुरे.) म्हणून किसलेल्या गोबीला मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा. मीठ पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं. मग सुती कापडात घट्ट पिळा आणि कोरड्या कढईत वाफ थांबेपर्यंत परता. हिवाळ्यात बाजारात गोबी स्वस्त असते, तेव्हाच हे उद्योग करावेत.

आता डिंक. तो आपल्या घरातच आहे: जवस. चटणीसाठी भाजतो तसा भाजू नका, कच्चाच दळा. एक मोठा चमचा पूड दोन चमचे गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवली की बुळबुळीत होते. जवसाच्या सालीत लांब शर्करासाखळ्या असतात, त्या पाणी धरून ठेवतात. त्याही कर्बोदकंच, पण आपल्या पाचकरसांना त्या तोडता येत नाहीत, म्हणून रक्तातली साखर वाढवत नाहीत. १०० ग्रॅम जवसात कर्बोदकं साधारण २९ ग्रॅम, त्यातले २७ तंतू. वाटीभर पिळलेल्या गोबीला एवढा जवस पुरतो. रंग मळकट येतो, त्याला इलाज नाही. पांढरीच हवी तर पनीर मळून घाला. केसीन हे प्रथिनही चांगलं बांधतं, पण मला ती सुशी जड वाटते. शेवटी चमचाभर व्हिनेगर. सुशीच्या भातात एरवी साखर पडते, ती इथे नको.

भाताशिवाय सुशी म्हणजे अधर्म, असं कुणी म्हणालं तर त्याला जुनी रीत सांगा. जपानमध्ये मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवत. भात आंबून लॅक्टिक आम्ल तयार होई, त्यानं मासा टिके. मग मासा खायचा आणि भात बहुतेकदा टाकून द्यायचा. बिवा सरोवराकाठी गोड्या पाण्यातल्या माशाची फुनाझुशी आजही अशी मुरवतात.

म्हणून मामा तलावातला (गावच्या जुन्या मालगुजारी तळ्यातला) रोहू कच्चा घालायचा विचार मात्र करू नका. गोड्या पाण्यातल्या माशांतून यकृतात घर करणारे चपटे कृमी माणसात येऊ शकतात. परजीवी मारायला मासा उणे २० अंशांवर सलग ७ दिवस ठेवावा लागतो, आणि दिवसातून दोनदा लाईट जाणाऱ्या गावात घरच्या फ्रिजवर तो भरवसा कोण ठेवणार? वाफवलेला मासा, उकडलेले झिंगे किंवा अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या घाला, सोबत काकडी. सुशी गुंडाळायची चटई नसेल तर कोरड्या कापडावर गुंडाळा आणि कापताना सुरी दर वेळी ओली करा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर भात एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषधाचा डोस जुन्या जेवणाच्या हिशेबानं ठरलेला असतो.