गेइशांची ठसाचित्रे : संग्रह आणि पारख

लाकडी ठशांवरून छापलेल्या जपानी चित्रांपैकी स्त्रीरूप रंगवणाऱ्या चित्रांना 'बिजिन-गा' म्हणतात. बाजारात त्यांतली कोणतीही नटलेली स्त्री सर्रास 'गेइशा' म्हणून खपवली जाते. प्रत्यक्षात पुष्कळजणी एदोच्या (आजचे तोक्यो) योशिवारा वस्तीतल्या गणिका असतात. खूण कमरेला सापडते : ओबीची, म्हणजे कमरपट्ट्याची, गाठ गणिका पुढे बांधते, गेइशा मागे. गेइशाच्या अंबाड्यात काटेही मोजकेच, आणि बऱ्याचदा हाताशी शामिसेन हे तंतुवाद्य. गाणे-बजावणे हाच तिचा पेशा.

चित्रकार उतामारोच्या १७९३ च्या सुमारासच्या प्रसिद्ध चित्रात तीन सुंदरींचे चेहरे आहेत. मधली तोयोहिना ही गेइशा, बाकी दोघी चहाच्या दुकानांशी संबंधित. चेहरे जवळजवळ सारखेच; ओळख पटते ती कपड्यांवरच्या लहानशा कुलचिन्हांवरून. पुढे १८४२ च्या सरकारी निर्बंधांनी गेइशा, गणिका आणि नट यांची चित्रे छापायलाच बंदी घातली. १७९० ते १८४२ या काळातल्या बहुतेक चित्रांवर 'किवामे' ही तपासनिसाची छोटी गोल मोहोर दिसते. काळ ठरवताना तिचा उपयोग होतो, पण नकलाकार मोहोरही कोरतो.

म्हणून जाणकार आधी चित्र उलटे करतात. हातछपाईत रंग कागदात मुरून मागे उमटलेला असतो, आणि 'बारेन' या घासणीचे वळसेही कधीकधी दिसतात. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती यंत्रावरची प्रत. मूळ आकाराचा ('ओबान', साधारण ३९ × २६ सें.मी.) काठ कापलेला असेल, तर किंमत उतरते. विसाव्या शतकात वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने ही कला नव्याने उभी केली. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याचे ठसे आणि साठा जळाल्याने आधीच्या प्रतींना वेगळा भाव आहे.

सगळ्यांत मोठा शत्रू उजेड. जुना वनस्पतिजन्य निळा रंग उडून भुरकट पिवळा होतो, जांभळा तपकिरीकडे झुकतो. आपल्याला शांत वाटणारी रंगसंगती पुष्कळदा उडालेली असते, मुळातली नव्हे. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाला स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ मध्ये सहा हजारांहून अधिक चित्रे दिली, ती कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत या अटीवर. त्यांतले जांभळे अजून जांभळे आहेत.